टॅबमधली बाई आणि माझी नात

शाळेत टीव्ही बसवला त्या दिवशी माझ्या बायकोनं त्याला कुंकू लावलं आणि आतला वाघ ओरडला.

नवी वस्तू आली की हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, ही आमच्याकडची रीत. ट्रॅक्टरला लावतात, विहिरीवरच्या मोटारीला लावतात, मग शाळेच्या टीव्हीला का नको? सरपंचांनी नारळ फोडला आणि म्हणले, "खिचडीवाल्या मावशी, या, तुमी लावा कुंकू." शाळेची खिचडी माझी बायको शिजवायची. ती पदराला हात पुसून पुढं गेली आणि काचेवर बोट टेकवलं. टेकवल्याबरोबर काचेवर वाघ आला आणि डरकाळी फोडली. हा टीव्ही बोट लावून चालतो हे आम्हाला कुणाला ठाऊक? ती दोन पावलं मागं सरली. पोरं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली.

टीव्ही घेऊन आलेला संस्थेचा माणूस रुमालानं काच पुसत म्हणला, "आजी, याला कुंकू चालत नाही."

"मग याचं काय खरं न्हाई," ती म्हणली.

सगळे परत हसले. मी बी हसलो. मी शाळेच्या समितीत होतो, गळ्यात हार होता, खुर्चीवर बसलो होतो. समितीत मला कशाला घेतलं ते मला अजून कळलेलं नाही. बहुतेक हा म्हातारा मेंढरामागं असतो, मधी बोलायचा नाही, असं वाटलं असंल.

आता ती नाही. चैत्रात गेली. सकाळी चुलीपुढून उठली, छातीत दुखतंय म्हणली, आणि गंगाखेडचा दवाखाना यायच्या आत जीपमध्येच गेली. यावर जास्त लिहायचं नाही मला. लोक येऊन बसायचे, लय चांगलं मरण आलं म्हणायचे. कुणाला चांगलं, ते कुणी सांगत नव्हतं.

आमचा मुलगा आणि सून उसाला जातात. दसरा झाला की टोळी निघती, ती उन्हाळा लागल्यावर परत येती. तिकडं उसाच्या फडाशेजारी कोप्या घालून राहायचं. पोरगी लहान होती तवा तिला दोन वर्षं नेली. मग बायको आडवी आली. म्हणली, "पोरीला शाळंत घालायचं हाय, ती माझ्यापाशी ऱ्हाईल." राहिली. पहिली, दुसरी, तिसरी, सगळी आजीजवळ झाली. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत. पाचवीला एसटीनं राणीसावरगावला जावं लागतं.

बायकोचं चौदावं झाल्यावर मुलगा ओसरीवर माझ्याजवळ बसला.

"बा, आई होती तवर ठीक होतं. आता तुमी मेंढरामागं जाणार, पोरीला कोन बघनार?"

"मी बघंन."

"तुमाला भाकर येती का थापायला?"

"शिकंन."

"दसऱ्यानंतर घेऊन जातो तिला," तो म्हणला.

"आन् शाळा?"

मुलगा वाईट नाही, पण त्याला सगळ्या गोष्टीचा उपयोग विचारायची सवय आहे. "शाळंत काई येत असंल तर ठेवतो. येत नसंल तर तिथं बसून तरी काय करायलीय? दसऱ्याला आलो की बघतो. वाचायला आलं तर ऱ्हाऊ द्या, न्हाई तर माझ्यासंगं."

दोघं पूर्णेला मजुरीला निघून गेले. पावसाळाभर तिकडंच. मी आणि पोरगी उरलो. तिला भाकर थापता येत होती, मला येत नव्हती. म्हणजे कोण कुणाला बघत होतं ते सांगायला नको.

मला चिंता नव्हती. पोरीला वाचता येत होतं, असं माझ्याकडं लिहून होतं. माझीच सही होती त्यावर.

त्याचं असं झालं होतं. टीव्हीच्या मागून टॅब आले. पाटीएवढे, रबराच्या कव्हरातले. दोन पोरांत एक. पोरानं टॅब उघडला की आतली बाई गोड आवाजात धड्याची एक ओळ वाचायची, पोरानं तिच्यामागं म्हणायचं, मग चित्राला बोट लावायचं. बरोबर लागलं की टाळ्या वाजायच्या आणि हिरवी खूण यायची. वर्षाच्या शेवटी सरांनी समिती बोलावली, एक कागद पुढं केला. शाळेतल्या सगळ्या मुलांना वाचता येतं, असा तो कागद. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस, बोट ठेवून ठेवून वाचला. विचारलं, "सगळ्यांना?" सर म्हणले, "आबा, सगळ्यांची हिरवी खूण हाय." मग मी सही केली. अंगठा न लावता सही करतो याचा मला गर्व आहे. त्या दिवशी त्या गर्वानंच घोळ केला.

बायको मात्र आधीपासून बोलत होती. ती व्हरांड्यात खिचडीला बसायची, भिंतीपलीकडं वर्ग. तिला सगळं ऐकू यायचं. एकदा म्हणली, "आवं, पोरं बोलायल्यात, वाचायल्या न्हाईत."

मी म्हणलं, "तुला काय कळतंय? तुला अ येत न्हाई."

"अ येत न्हाई. पन भात शिजला का न्हाई ते मला शितावरून कळतंय."

"मग शीत काढून बघ टीव्हीतलं," मी म्हणलं. ती उठून चुलीकडं गेली. अशी टोमण्याची उत्तरं मी तिला जन्मभर दिली. आता आठवतात.

आषाढ गेला, श्रावण आला. एक दिवस पोरगी अंगणात धडा वाचत होती. आठवडी बाजाराचा धडा. "सोमवारचा दिवस आहे. आज आमच्या गावचा बाजार आहे. आई मला म्हणाली, चल लवकर." मी करडाच्या पायातला काटा काढत होतो. ऐकायला बरं वाटलं. कुठं अडत नव्हती. आवाज तिचा नव्हता, कुण्या शहरातल्या बाईचा होता. आमची पोरगी एरवी "हाय" म्हणती, "न्हाई" म्हणती. इथं मात्र मोजून मापून, आहे, नाही, म्हणाली. मला वाटलं, शिकली म्हणल्यावर असंच बोलायचं असंल.

मग मान वर केली, तर ती पुस्तकाकडं बघतच नव्हती. काट्याकडं बघत होती. आणि वाचत होती.

मेंढराचं एक असतं. संध्याकाळी चरून आलं की त्याची डावी कूस भरलेली दिसली पाहिजे. पण नुसत्या डोळ्यावर जायचं नाही. ओला लसूणघास जास्त खाल्ला की पोटात वारा धरतो, कूस तशीच टम्म दिसती, बघणाऱ्याला वाटतं जनावर जेवलंय. तासाभरात ते जनावर पाय झाडून मरतं. म्हणून हात लावून दाबायचं. चारा असला की पिठाच्या गोळ्यासारखं दबतं, वारा असला की ढोलकीसारखं वाजतं. माझ्या बापानं मला हे शिकवलं, शाळेनं नाही.

मी उठलो, तिच्याजवळ बसलो आणि पुस्तकातल्या चित्रावर पंजा ठेवला.

"आता वाच."

"सोमवारचा दिवस आहे. आज आमच्या गावचा..."

"तसं न्हाई. ही सगळ्यात खालची वळ वाच."

ती माझ्याकडं बघत राहिली. "खालून नसतंय आबा. पयल्यापासून असतंय."

"पुस्तकाला खालून काय अन् वरून काय? अक्षरं तीच हायेत. वाच."

"सोमवारचा दिवस..." ती परत सुरू झाली. पहिल्यापासून म्हणत म्हणत खालच्या ओळीपर्यंत पोचायचा तिचा विचार होता. मी थांबवलं. एका शब्दावर बोट ठेवलं. "हे काय हाय?"

ती बराच वेळ बघत बसली. मग म्हणली, "सोमवार?"

तिथं 'भाजी' लिहिलं होतं.

मी दुसरा शब्द दाखवला, तिसरा दाखवला. अक्षर दाखवलं. क आणि र तिला येत होते, काही अजून येत होते, पण दोन अक्षरं जोडली की ती हरवायची. चौथीतली पोरगी. सगळ्या हिरव्या खुणा मिळवलेली.

"टॅबमधली बाई आदी म्हनती," ती म्हणली, "मग आमी म्हनतो. मग टाळ्या वाजत्यात."

"आन् चित्राला बोट कसं लावता?"

"बरोबरचं चित्र दरवेळी तिथंच असतंय."

मी पुस्तक मिटलं. रागावलो नव्हतो, पण तोंड तसं झालं असंल, कारण तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग तिनं जे सांगितलं ते मला अजून पचलेलं नाही.

"आज्जीला म्हाईत होतं," ती म्हणली. "आज्जी म्हनली, आबाला सांगू नको. त्यांनी सही केलीया, त्यांना वाईट वाटंल."

मी उठून मेंढरांत गेलो.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. सर एकटेच. दुसरे सर दुसऱ्या शाळेवर नेमलेत, ते नावाला आमच्या पटावर. चार वर्ग एका माणसाकडं. तो माणूस सकाळी गंगाखेडहून मोटारसायकलवर येतो आणि आल्यापासून मोबाइलवर फोटो काढतो. पोरं हात धुतात त्याचा फोटो, खिचडीचा फोटो, टॅब घेऊन बसलेल्या पोरांचा फोटो. मला वाटायचं, हौशी माणूस आहे.

"सर, माझ्या नातीला वाचता येत न्हाई," मी म्हणलं.

"असं कसं आबा? तिचं तर सगळं हिरवं..."

"हिरव्याचं सोडा. तुमी सोता कवा ऐकलंय का तिला?"

त्यांनी मोबाइल खाली ठेवला. दाराकडं बघितलं. मला वाटलं आता हा माणूस खोटं बोलणार. मी तयारच होतो, मनात उत्तर जुळवून आलो होतो.

"मला बी म्हाईत हाय आबा," ते म्हणले. "हिचंच न्हाई. बऱ्याच जनांचं. पन वरून माहिती मागत्यात, ती संध्याकाळच्या आत भरावी लागती. माहिती भरत बसलो तर शिकवायला वेळ न्हाई, शिकवत बसलो तर माहिती ऱ्हाते. आन् माहिती राहिली तर फोन येतो. पोरांचं वाचायचं राहिलं तर कुनाचा फोन येत न्हाई."

या उत्तराचा मला राग आला आणि ते खरं आहे हे बी कळलं. दोन्ही एकदम.

"मग फळ्यावर लिव्हा. आमच्या येळी मास्तर एक अक्षर लिव्हायचे, एकेकाला उभं करायचे, येईना की हातावर छडी."

"छडी आता चालत न्हाई."

"छडी ऱ्हाऊ द्या. फळा तर चालतो ना?"

सर हसले. त्यांनी भिंतीकडं बोट केलं. टीव्ही फळ्यावरच बसवला होता. बरोब्बर मधोमध, चार बोल्ट मारून. दोन्ही बाजूला हातभर फळा उरला होता, त्यावर आजचा वार आणि पटसंख्या लिहिलेली. मी दोन वर्षं त्या खोलीत समितीच्या बैठकीला बसलो, पण फळा गेला हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. टीव्हीच बघत होतो मी बी.

"काढा मग तो."

"काढला तर तपासनीला काय दाखवू?"

बाहेर पोरं टॅबपुढं एका सुरात ओरडत होती. मग मीच म्हणलं, "व्हरांड्याची भिंत रिकामी हाय. तिला काळा रंग मी देतो. तुमी जाताना रोज चार वळी लिव्हून जा. पुस्तकातल्या नकोत. कुठल्याबी. पोरीला मी बसवतो."

"पुस्तकातल्या का नकोत?"

"त्या तिला पाठ हायेत. तुमच्या त्या बाईनं करून ठेवलंय."

ते तयार झाले. इतक्या लवकर तयार झाले की मला संशयच आला. पहिले आठ दिवस मी रोज जाऊन बघायचो, लिहिलं का, का फोटो काढून पुसलं. लिहिलेलं असायचं. 'काळ्या कोंबडीनं दोन अंडी घातली.' 'सरांच्या गाडीचं चाक पंक्चर झालं.' एकदा 'आबांचं करडू शाळेत आलं' असं बी लिहिलं होतं, आणि ते खरं होतं.

मेंढरं चारून आलो की मी आणि पोरगी त्या भिंतीपुढं बसायचो. ती एका अक्षरावर बोट ठेवायची, मी दुसऱ्यावर. ती रडायची, चिडायची. म्हणायची, टॅब बरा होता, त्यात टाळ्या वाजत्यात. मी म्हणायचो, "मी वाजवू का?" तर म्हणायची, "तुमच्या नकोत." मला बी सगळं येत होतं असं नाही. 'पंक्चर' वर आम्ही दोघं एक अख्खी संध्याकाळ अडलो. सकाळी सरांना विचारलं, मग कळलं.

लोक विचारायचे, म्हातारा या वयात शाळेत जायलाय का? मी म्हणायचो, हो, दुसरं घर करायचंय, नवी बायको शिकलेला नवरा मागायलीय. मग कुणी परत विचारायचं नाही.

दसरा आला. मुलगा आणि सून पूर्णेहून आले. आपट्याची पानं वाटली, पाया पडले. संध्याकाळी सगळे ओसरीवर बसलो. दोन दिवसांनी टोळीचा ट्रक येणार होता. मुलानं पोरीला बोलावलं.

"आन गं पुस्तक. बघू वाचती का."

पोरीनं पुस्तक आणलं. माझ्याकडं एकदा बघितलं आणि आठवडी बाजार उघडला.

"सोमवारचा दिवस आहे. आज आमच्या गावचा बाजार आहे. आई मला म्हणाली, चल लवकर." न अडता, त्या शहरातल्या बाईच्या आवाजात, धडा शेवटपर्यंत. मुलाचं तोंड खुललं. त्यानं सुनेकडं बघितलं. "हिला तर येतंय की. सायबासारखं वाचायली. ऱ्हाऊ द्या मग हितंच."

झालं होतं. मला काही करायचंच नव्हतं. तोंड मिटून बसलो असतो तर पोरगी राहिली असती. घरात दुसरं माणूस राहिलं असतं. मी खोटं सांगतोय असं वाटू नये म्हणून लिहितो, मी गप्पच बसलो होतो. चहा पिऊन होईपर्यंत गप्प बसलो. पोरगी खाली मान घालून बसली होती, आणि मला दिसत होतं, आता ही माझ्यासाठी बी आपल्या आज्जीसारखीच गप्प बसायला शिकणार.

"ते वाचन न्हाई," मी म्हणलं. "पाठ हाय."

"काय?"

"टॅबवर ऐकून पाठ केलंय. तिला वाचता येत न्हाई. मागचं पान काढ अन् कुठलीबी वळ वाचायला लाव."

मुलानं पान काढलं. पोरगी बोट ठेवून बसली. "पा... व... पाव... सा... पावसा... ला." घाम फुटला तिला. एक ओळ वाचायला एवढा वेळ लागला की शेजारची बाई सोनं देऊन परत गेली तरी ओळ चालूच होती. पण वाचली. आवाज तिचा होता.

मुलानं पुस्तक मिटलं. "चार वर्षं, बा. चार वर्षांत एक वळ. आन् तुमची सही हाय म्हनं शाळंच्या कागदावर."

"हाय."

"मग कशाला ठेवायची हितं? भर गं कपडे."

सून तोवर काही बोलली नव्हती. तिला अक्षर येत नाही. माझ्यापुढं ती जास्त बोलत नाही. तिनं कप गोळा करता करता विचारलं, "मामा, ही वळ कवा आली तिला?"

"या महिना-दीड महिन्यात."

"कुनी शिकवली?"

"सर भिंतीवर लिव्हत्यात. आमी दोघं बसतो."

"आन् कोपीवर कोन बसनार?" हे तिनं नवऱ्याला विचारलं.

"मी बसंन."

"तुमी? तुमी ऊस भरून आल्यावर जेवताना झोपता."

"तू मधी बोलू नको. म्हाताऱ्याला सोबत पायजे म्हनून..."

"सोबत पायजे असती तर ते गप बसले असते," सून म्हणली. "तुमाला तर येतंय वाटलं होतं. त्यांनी सोताहून सांगितलं. खरं सांगनारा मानूस जिथं हाय तिथं पोरगी ऱ्हाऊ द्या."

मुलगा माझ्याकडं बघायला लागला. मी दुसरीकडं बघितलं. आपल्याला कुणी असं चांगलं म्हणलं की मला त्याचा बी संशय येतो, आणि इथं तर चहा संपेपर्यंत मी गप्प बसलो होतो हे मलाच ठाऊक.

शेवटी ठरलं ते असं. संक्रांतीपर्यंत पोरगी इथं. तोवर नीट वाचायला लागली तर पाचवीला राणीसावरगावला घालायची. नाही लागली तर सून स्वतः येऊन घेऊन जाणार. "आन् मी फसनार न्हाई," ती जाताना पोरीला म्हणली. "मला वाचता येत न्हाई, पन मी बघंन."

कशी बघणार, असं मला वाटलं होतं. अडाणी बाई वाचणारीची परीक्षा कशी घेणार?

तिनं युक्ती काढली. तिच्याकडं मुलाचा जुना मोबाइल आहे, त्यात तोंड दिसतं, तसाच एक आमच्याकडं बी ठेवलाय. संध्याकाळी कोपीवर आली की ती फोन लावती. पोरीची खुशाली विचारती आणि मग फोन उलटा धरून तिकडं जे काही लिहिलेलं असंल ते दाखवती. युरियाचं पोतं, ट्रकच्या मागची पाटी, बिस्किटाचा पुडा. "हे काय हाय सांग." पोरीला आधी ठाऊक नसतं, टॅबमधल्या बाईला ठाऊक नसतं, मला बी नसतं. पाठ करायची सोयच नाही. पोरगी वाचती, आणि तिकडं सून कुणाला तरी विचारून पडताळा घेती. दिवाळीत पोरगी निम्म्याला चुकायची. आता कमी चुकती. माझा मोबाइलवर विश्वास नाही, पण या बाईवर आहे.

शाळेत टीव्ही तसाच आहे. परवा तपासणीला साहेब आले होते. पोरांनी एका सुरात बाजाराचा धडा म्हणून दाखवला, साहेब खुश होऊन गेले. जाताना काळ्या भिंतीपुढं थांबले, हे काय म्हणून विचारलं. सर म्हणले, भिंतीला ओल येती म्हणून रंग दिलाय. मी तिथंच होतो. काही बोललो नाही. सरांची नोकरी आहे, आणि मला माझ्या चार ओळी पाहिजेत.

काल दिवस मावळायच्या आधीच फोन आला. टोळी नव्या फडावर गेलीय, दोनच दिवस झालेत. सुनेच्या डोक्यावर घागर होती, ती तशीच चालत बोलत होती.

"हे बघ गं, हितं टाकीवर पाटी हाय. वाच."

फोन हलत होता. सिमेंटची टाकी दिसली, तिच्यावर पत्रा, त्यावर लाल अक्षरं, अर्धी उडालेली. पोरीनं फोन जवळ घेतला.

"हे... पा... पानी. हे पानी." मग थांबली. "औ... औष... आई, फोन हलवू नको. औषध. हे पानी औषध... फ... फवार... फवारनीचे."

"फवारनीचं?"

"थांब. आजून हाय. पि... पिऊ. पिऊ न... ये. पिऊ नये."

मी पोरीच्या हातातून फोन काढून घेतला. चष्मा वर केला, काचेला डोळा लावला. एकेक अक्षर लावलं. दोनदा लावलं. बरोबर होतं.

"ती म्हनती तसंच हाय," मी सुनेला म्हणलं. "कवापासून भरायलाव?"

"कालपासून, मामा. सगळ्या बायका हितलंच भरायल्यात." मुलगा सातवीपर्यंत शिकलाय, त्यानं पाटी बघितली असती तर वाचली असती. पण पाणी भरायला बायका जातात, आणि त्यातल्या कुणाला वाचता येत नाही.

"पोटात काय दुखतंय का कुनाच्या?"

"न्हाई अजून. मुकादमाला सांगते, दवाखान्यात दाखवतो सगळ्यांना." मग ती मागं वळून कुणाला तरी ओरडली, "आगं ए, खाली ठेवा, खाली ठेवा घागरी. माझ्या पोरीनं वाचलंय."

फोन तिनं बंद केला नव्हता. त्यातून एकामागून एक घागरी मातीवर ओतल्याचा आवाज येत राहिला.